मोबाईलचे सिम लॅपटॉपात घालावे काय?

अमरावती-अकोल्याकडे पोरांच्या शिक्षणापायी घरोघरी लॅपटॉप येत आहेत. मोबाईलचे सिम त्यात चालते काय? चालते, पण सिमची खाच आणि आत मोडेम, दोन्ही पाहिजेत. नुसत्या खाचेने भागत नाही. मोडेम नसल्यास यूएसबीत बसणारे डोंगल घ्यावे लागते.

मात्र बँकखात्याला जोडलेले सिम फोनातून काढू नये. ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. सिम लॅपटॉपात गेले, की तो फोनवर दिसत नाही अन् ऐन वेळी पैशाचे काम अडते. त्यापेक्षा सिम फोनातच ठेवून हॉटस्पॉट सुरू करावा. पासवर्ड अवश्य लावावा. सातबारा लॅपटॉपवर निघेल, ओटीपी फोनवर येईल. डाटा फोनच्याच पॅकमधून खर्च होतो, हे ध्यानात ठेवावे.