वेग भरपूर, वाट तुंबलेली

मागच्या वर्षी लेकीची परदेशातल्या विद्यापीठासाठी ऑनलाइन मुलाखत होती. ती आत लॅपटॉपसमोर, मी बाहेर हॉलमध्ये. दहाव्या मिनिटाला तिचा आवाज चढला. ऐकू येतंय का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिचं बोलणं समोर तुटक तुटक पोचत होतं. निवड झाली नाही. ती केवळ आवाजामुळे हुकली असं मी म्हणणार नाही, पण केलेल्या तयारीतलं अर्धं तिला बोलताच आलं नाही, हे मला आजही सलतं.

मग मी सगळे करतात तेच केलं. 50 एमबीपीएसचा प्लॅन सोडून 100चा घेतला, महागातला राउटर आणला. कनेक्शनवाल्यांचा माणूस आला, त्यानं स्पीड टेस्ट लावून शंभराच्या जवळचा आकडा दाखवला आणि गेला. आकडा खरा होता. तरी भावाचा व्हिडिओ कॉल अडखळायचा तो अडखळायचाच.

उलगडा झाला एका रविवारी. लॅपटॉपवर पिंग चालू ठेवलं होतं. पिंग म्हणजे एक छोटा निरोप बाहेर पाठवायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एरवी 20 मिलिसेकंद लागत, ते बघता बघता 900 झाले. त्याच वेळी माझा मोबाइल चार्जिंगला होता आणि आदल्या दिवशीच्या लग्नाचे व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढत होते. बॅकअप थांबवला, आकडा परत 20. मुलाखतीच्या सकाळीही मोबाइल तसाच चार्जिंगला होता आणि आदल्या रात्री मी गावाहून ढीगभर फोटो काढून आलो होतो.

या दुखण्याला नाव आहे, बफरब्लोट. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या जिम गेटिस यांना 2010मध्ये ते स्वतःच्या घरीच सापडलं. मोठ्या फाइल पाठवताना त्यांच्या घरचं इंटरनेट मंदावायचं आणि मुलं तक्रार करायची. राउटर किंवा मोडेममध्ये पुढे जायची वाट पाहणारी माहिती साठवायला जागा असते, तिला बफर म्हणतात. मेमरी स्वस्त झाली तशी ही जागा वाढत गेली. वरवर हे चांगलंच वाटतं.

पण त्यात खोट कुठे आहे हे कळायला ऑक्टोबर 1986मध्ये काय झालं ते बघा. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात जेमतेम 400 यार्डांचं अंतर. त्या दुव्याचा वेग सेकंदाला 32,000 बिटवरून 40 बिटवर घसरला. यावर व्हॅन जेकबसन यांनी उपाय दिला, तो असा की पाठवलेला माहितीचा तुकडा वाटेत हरवला तर पाठवणाऱ्यानं गर्दी झाली असं समजून हात आखडता घ्यायचा. म्हणजे तुकडा हरवणं हाच इशारा. अवाढव्य बफर लवकर काही हरवू देत नाही, इशारा उशिरा पोचतो, फोन बेफाम पाठवत राहतो आणि त्याच्या मागे लेकीचा आवाज ताटकळतो. बोलणं सहज वाटायला एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत हवा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

माझ्या नव्या प्लॅननं काही साधलं नाही ते यामुळेच. खाली उतरणारा वेग दुप्पट झाला, वर चढणारा 5वरच राहिला. प्लॅन घेताना अपलोड किती, हे मी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा.

जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनी 2012मध्ये ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती बघत नाही, प्रत्येक तुकडा किती वेळ थांबला हे बघते. हा वेळ सतत 5 मिलिसेकंदांच्या वर राहिला की काही तुकडे टाकून देते. पुढे तिला वेगवेगळ्या रांगांची जोड मिळाली. पंढरपुरात पदस्पर्शाची दर्शनबारी तासन्‌तास सरकत असते तेव्हा मुखदर्शनाची रांग वेगळी चालते, तसं फोटोंच्या रांगेत आवाजाला अडकावं लागत नाही. काही राउटरच्या सेटिंगमध्ये ही सोय ‘एसक्यूएम’ नावानं असते. त्यात वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85 ते 90 टक्के ठेवायची, म्हणजे रांग आपल्या राउटरमध्येच लागते, पुढच्या डब्यात नाही. माझ्याकडच्या महागड्या राउटरमध्ये ती नव्हती. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली बसवून ती मिळते, पण मॉडेलबरोबर हार्डवेअरची आवृत्तीही जुळवून पाहा. चुकीची फाइल घातली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. एवढं जमणार नसेल तर बॅकअप रात्रीवर टाका आणि महत्त्वाच्या कॉलआधी घरातल्या प्रत्येक फोनवर तो बंद असल्याचं स्वतः बघा.

खर्च करण्याआधी तपासणी मात्र कराच. फास्ट डॉट कॉमवर जास्तीची माहिती उघडली की रिकाम्या आणि भरलेल्या लाइनचा उशीर वेगवेगळा दिसतो. शिवाय दोन पिंग लावा, एक राउटरच्या पत्त्यावर, एक बाहेर. फक्त बाहेरचा आकडा फुगला तर रांग लाइनवर तुंबते आहे. राउटरचाच फुगला तर दोष घरातल्या वायफायचा. शेजारच्या काकूंकडे गेल्या महिन्यात हेच निघालं. त्यांचा राउटर फ्रिजच्या मागे होता. तो कपाटावर ठेवला, नातवाच्या अभ्यासाच्या लॅपटॉपला केबल जोडली, आणि त्या घेणार होत्या तो मोठा प्लॅन राहूनच गेला.