कारखान्याचे दार मिटते तेव्हा

पाठाचा हेतू : मोटारींचा कारखाना बंद पडला असता कामगारांस व त्यांच्या वस्तीस सावरण्यास कोणते साहाय्य खरोखर उपयोगी पडते, हे इतरांच्या अनुभवावरून समजून घेणे.

पाऊस न पडला तर साऱ्या गावाचे पीक एकदम करपते, आणि शेजारी शेजाऱ्याची विचारपूस करतो. परंतु कारखान्यातून कमी झालेला मनुष्य एकटाच घरी येतो. कित्येकदा तो बायकोसही खरे सांगत नाही. रोज डबा घेऊन निघतो, आणि संध्याकाळी मुकाट्याने परततो. आपल्या गावोगावचे तरुण आज चाकण, तळेगाव येथे मोटारींच्या कामावर आहेत. म्हणून हा विषय आपणांस दूरचा नव्हे.

१. लाँगब्रिज : जेथे अवधी मिळाला नाही

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराच्या कडेस लाँगब्रिज येथे हर्बर्ट ऑस्टिन ह्यांनी १९०५ साली मोटारींचा कारखाना स्थापिला. पुढे शंभर वर्षांनी, एप्रिल २००५ मध्ये, तेथील एमजी रोव्हर कंपनीचे दिवाळे निघाले. एका चिनी कंपनीशी चाललेली बोलणी फिसकटली, आणि पाहता पाहता सुमारे ६,००० माणसांचे काम गेले. काही वर्षांनी ह्या कामगारांची पाहणी झाली, तेव्हा दहांपैकी सुमारे नऊ जण पुन्हा कामास लागलेले आढळले. मग बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले हे की, त्यांचे वेतन सरासरीने वर्षाला ५,००० पौंडांहून अधिक घटले होते. काम मिळणे निराळे आणि घर पूर्ववत उभे राहणे निराळे.

तथापि एक गोष्ट तेथे वेळेवर झाली होती. २००० साली बीएमडब्ल्यू कंपनीने हा धंदा सोडून दिला, तेव्हाच संकटाची चाहूल ओळखून एक मंडळ नेमण्यात आले. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांनी एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये, दुसरी गिऱ्हाइके शोधावी, म्हणून त्यांस साहाय्य देण्यात आले. त्यामुळे पाच वर्षांनी मोठे झाड कोसळले, तरी त्याच्या सावलीतील सगळी रोपे चिरडली गेली नाहीत.

२. एलिझाबेथ : जेथे अवधी मिळाला

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराच्या उत्तरेस एलिझाबेथ नावाची वसाहत १९५५ साली वसली. तिच्यातील पुष्कळ घरांची चूल होल्डन मोटारींच्या कारखान्यावर पेटत असे. हा कारखाना जनरल मोटर्स कंपनीचा. देशातील बाजारपेठ लहान, परदेशी मोटारींवरील जकात उतरलेली, आणि तेथील डॉलर महागल्याने बाहेर विक्री कठीण. ह्या कारणांनी ११ डिसेंबर २०१३ रोजी कंपनीने जाहीर केले की, मोटारी बनवणे बंद होणार. शेवटची मोटार २० ऑक्टोबर २०१७ रोजी बाहेर पडली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत, कामगार अजून पगारावर असतानाच, त्यांस सल्ला व नवे शिक्षण देण्याची सोय करण्यात आली. सुटे भाग बनवणाऱ्यांच्या कामगारांसही सरकारी साहाय्य खुले होते.

ह्यामुळे सर्व दुःख टळले असे मात्र समजू नये. त्याच ॲडलेड शहरात मित्सुबिशी कंपनीच्या कारखान्यांतून त्यापूर्वी कमी झालेल्यांची पाहणी झाली होती. त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांशांस पूर्ण वेळेचे काम मिळाले, एक तृतीयांशांस अर्धवेळ किंवा तात्पुरते, आणि उरलेले कामाविना राहिले. मित्सुबिशीचा टॉन्सली येथील कारखाना २००८ साली बंद झाला. त्याचे विस्तीर्ण छप्पर पाडून न टाकता त्याखाली शिक्षणसंस्था व नवे उद्योग आणण्यात आले. जागेचा उद्धार झाला, हे चांगलेच. परंतु पन्नाशीचा जोडारी त्या नव्या दालनात आपोआप शिरत नाही. त्यास हाती धरून नेणारा कोणी लागतो.

३. बोध

पहिला : साहाय्याचा आरंभ दार मिटण्यापूर्वी व्हावा. पगार चालू असता मनुष्य शिकू शकतो; कर्ज डोक्यावर बसल्यावर तो मिळेल ते काम पत्करतो.

दुसरा : हातातील कसब कागदावर यावे. वीस वर्षे यंत्र चालवणाऱ्यास सर्व येते. पण प्रमाणपत्रावाचून नव्या दारी त्यास कोणी ओळखत नाही.

तिसरा : मोठ्या कारखान्याबरोबर सुटे भाग बनवणारा, खानावळवाला व गाडीवालाही बुडतो, साहाय्य देताना त्यांची गणना व्हावी.

चौथा : काम गेले म्हणजे अब्रू गेली, असे घरच्यांनी वा गावाने मानू नये. दोष कामगाराचा नव्हता, हे त्यास मोठ्याने सांगावे.

४. आपल्याकडे

जनरल मोटर्स कंपनीचाच पुणे जिल्ह्यातील तळेगावचा कारखानाही डिसेंबर २०२० मध्ये थांबला. कामगारांनी दीर्घकाळ आंदोलन केले व न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे तो कारखाना ह्युंदाई कंपनीने घेतला. जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. जमीन, इमारती व यंत्रे ह्यांस गिऱ्हाईक मिळते; माणसांची तरतूद मात्र निराळी करावी लागते.

कायद्याने काही आधार दिला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, कमी केलेल्या कामगारास पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळावयाची आहे. शिवाय नवे कसब शिकण्याच्या निधीतून पंधरा दिवसांचे वेतन त्याच्या खात्यात जमा व्हावयाचे आहे. पण हक्क मागण्यास पुरावा पाहिजे. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक ही प्रत्येकाने आजच पेटीत जपून ठेवावी. ठेकेदाराच्या हाताखाली असणाऱ्याने तर विशेषच ठेवावी. कारण अशाच्या हाती बहुधा एकही कागद नसतो.

गावातील शिकलेल्या माणसाने ह्यात पुष्कळ करता येईल. अर्ज लिहून द्यावा, कचेरीत सोबत जावे, आणि जो डबा घेऊन उगाच बाहेर पडतो त्यास वाटेत थांबवून प्रेमाने विचारावे, "दादा, काम चालू आहे ना?" त्या एका प्रश्नाने त्याच्या मनावरचे ओझे अर्धे उतरेल.

विचारासाठी प्रश्न

१. लाँगब्रिज व एलिझाबेथ येथील कामगारांस मिळालेल्या अवधीत काय अंतर होते?

२. काम पुन्हा मिळाले एवढ्याने नुकसान भरून आले असे का म्हणता येत नाही?

३. आपल्या गावातील किती जण कारखान्यात आहेत, आणि त्यांपैकी कितीकांजवळ नेमणुकीचे पत्र आहे? येत्या आठवड्यात घरोघर जाऊन विचारा.