कलमाचा चाकू रॉडवर घासण्याआधी

आंब्याच्या कोय कलमात सगळी भिस्त छेदावर असते. पानं अजून तांबूस आहेत असं कोवळं रोप घ्यायचं, शेंडा छाटून खोड मधोमध चिरायचं, हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी उतरता छेद देऊन पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. साल आणि लाकूड यांच्यामधला जिवंत थर दोन्हीकडचा एकमेकांना भिडला तर कलम धरतं, नाहीतर काडी सुकते. म्हणून छेद एका ओढीत आणि अगदी सपाट यायला हवा.

त्यासाठीच कलमाच्या बहुतेक चाकूंचं पातं एका अंगानं उतरतं आणि दुसऱ्या अंगानं सपाट असतं. सपाट अंग काडीवर टेकून सरकतं आणि छेद सरळ ठेवतं. खिशातल्या साध्या घडीच्या चाकूला मात्र दोन्हीकडून सारखा उतार असतो. वरवर बघणाऱ्याला दोन्ही चाकू एकच वाटतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

रत्नागिरी जिल्ह्यात आमची आंबा-काजूची छोटी रोपवाटिका आहे. एका जुलैत पुतण्या पुण्याहून आला, तो धार लावायची पेटी घेऊन. व्ही अक्षरासारखे उभे राहणारे दोन सिरॅमिकचे रॉड, त्यांवरून पातं आळीपाळीनं खाली ओढायचं. मुलगा कामसू. स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्यांना त्यानं सुरेख धार लावली आणि माझा कलमाचा चाकूही घेतला. "काकू, याला एकाच बाजूनं धार होती, दुसऱ्या बाजूचीपण काढून दिली," म्हणाला. चाकूनं वर्तमानपत्राचा कागद सर्रकन कापला. कामाची घाई होती, तो तसाच हातात घेतला.

त्या आठवड्यात बांधलेल्या कलमांपैकी बरीच सुकली. एकाची पट्टी सोडून पाहिलं. काडीवरचा छेद मध्ये किंचित खोल गेला होता. पाचरीचं वरचं आणि खालचं टोक रोपाला टेकलेलं, मधली जागा पोकळ आणि काळी पडलेली. मग चाकू उन्हात धरला. सपाट अंगावर धारेलगत केसाएवढी चकचकीत रेघ दिसत होती. तेवढ्या रेघेमुळे पातं काडीत सरळ न जाता वळत होतं. चाकूला धार होती, पण ती कलमाच्या कामाची राहिली नव्हती.

रॉड चांगली वस्तू आहे, घरात जरूर ठेवावी. मात्र ती वापरण्याआधी पातं उजेडात धरून दोन्ही अंगं नीट बघा. उतार एकीकडे आहे की दोन्हीकडे, हे कळल्याशिवाय पातं रॉडला लावूच नका. एकाच अंगाला उतार असेल तर व्ही पेटी आणि फटीतून पातं ओढायची ती छोटी यंत्रं, दोन्ही वर्ज्य. एकच रॉड घ्या, उताराच्या अंगानं, आहे त्याच कोनात हलक्या हातानं घासा. दुसऱ्या अंगाला कड उलटलेली बोटाला जाणवली की सपाट अंग रॉडवर पूर्ण आडवं टेकवून एक-दोनदा फिरवा, म्हणजे ती कड निघते. पाठ जराही उचलायची नाही.

आहे तो कोन कसा ओळखायचा? उतारावर मार्करनं शाई फासा आणि एकदाच रॉडवरून ओढा. शाई फक्त धारेच्या काठावरची गेली तर पाठ फार उचलली गेली आहे, थोडी खाली घ्या. फक्त वरच्या कडेची गेली तर कमी उचलली आहे. सगळ्या उतारावरची पुसली गेली की कोन जमला. घडीच्या साध्या चाकूला एका बाजूला 15 ते 20 अंश पुष्कळ होतात. पातं 15 मिलिमीटर रुंद असेल आणि पाठ रॉडपासून 5 मिलिमीटर वर धरली तर साधारण 20 अंश होतात. एवढा अंदाज एकदा डोळ्यात बसला की मोजावं लागत नाही.

जोर लावायचाच नाही, चाकूच्या वजनाएवढा दाब पुरतो. रॉड गोल असल्यामुळे पातं त्याला अगदी अरुंद जागी टेकतं आणि थोड्या जोरानंही तिथलं पोलाद जास्त झिजतं. ओढ संपवताना टोक रॉडवरून खाली घसरू देऊ नका, टोक रॉडवर असतानाच थांबा. हे न पाळल्यामुळे टोकं गोल झालेले कितीतरी चाकू मी पाहिले आहेत.

रॉडचे प्रकारही ओळखून घ्या. सुऱ्यांच्या संचात येणारा चरे पाडलेला लोखंडी रॉड मुख्यतः वाकलेली धार सरळ करतो, गेलेली धार तो आणत नाही. हिऱ्याचा लेप असलेला रॉड पोलाद भराभर खातो, म्हणून तो पात्याला खांडं पडली असतील तरच काढावा. नेहमीसाठी सिरॅमिकचा बरा. तो काळा पडला की भांड्यांची पावडर आणि घासणी घेऊन धुवायचा, पुन्हा पहिल्यासारखा चालतो.

छातीसमोर हवेत रॉड धरून सपासप चाकू फिरवणं कुणी करू नये. टेबलावर घडी केलेलं फडकं ठेवा, रॉडचं टोक त्यावर उभं टेकवा, मूठ वर धरा आणि पातं खालच्या दिशेनं, हातापासून दूर न्या. घडीच्या चाकूला खटका नसेल तर टोकावर किंवा पाठीवर दाब येताच तो बोटांवर मिटतो, म्हणून पुसताना पाठीकडून, पण पाठ न दाबता पुसावं. काम झाल्यावर सांध्यातली पोलादाची भुकटी काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. त्याच चाकूनं फळं कापत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरा. खोबरेल नको, थंडीत ते थिजतं आणि सांधा जड होतो.

सपाट अंग एकदा बिघडलं की ते रॉडवर दुरुस्त होत नाही. माझा चाकू सपाट दगडावर पाणी घालून, आडवा ठेवून, ती रेघ जाईपर्यंत घासावा लागला. सराणीच्या चाकावरही देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ धार तापून निळी पडते, पोलादाचं पाणी उतरतं, आणि तेवढा भाग झिजून जाईपर्यंत धार टिकत नाही.

तरीही कलमाचा चाकू दुसऱ्याकडे धारेला द्यावा लागलाच, तर देण्याआधी सपाट अंग मार्करनं पूर्ण रंगवा. परत घेताना शाई सगळीकडून सारखी पुसट झाली असेल तर काम नीट झालं आहे. नुसत्या धारेलगतची शाई गेली असेल तर पातं उचलून घासलं आहे. तसा चाकू सपाट करून मिळेपर्यंत त्यानं एकही काडी कापू नका.