सूचनापत्रकाचा पाठ कसा करावा?



दहावी उत्तीर्ण होऊन आपल्या वसतिशाळेचा निरोप घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती पुढे एक छापील सूचनापत्रक येते. ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, हे त्यात सांगितलेले असते. पत्रक साधे दिसते. पण त्यामागे मोठा इतिहास आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना सादर केले. उच्च शिक्षणासाठी सरकारी साहाय्य ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. १९४४ मध्ये ही शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. अशा परिश्रमाने मिळालेला हक्क पत्रकातील एका न समजलेल्या ओळीपाशी अडून राहावा, ही गोष्ट आपल्याला परवडणारी नाही.

काही वर्षांपूर्वी आपली एक माजी विद्यार्थिनी मला भेटावयास आली. घराण्यातील महाविद्यालयात जाणारी ती पहिलीच मुलगी. तिचा अर्ज मंजूर झाला होता, पण रक्कम जमा होत नव्हती. ‘बँक खाते आधार संलग्न असणे अनिवार्य’, ही पत्रकातील ओळ तिने वाचली होती आणि बँकेत आधार कार्डाची झेरॉक्सही दिली होती. परंतु खाते आधारशी ‘लिंक’ असणे आणि शासकीय रकमेसाठी त्याचे ‘सीडिंग’ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत आधार क्रमांकासमोर ज्या बँकेचे नाव असते, तिकडेच रक्कम जाते. पत्रकातील ओळ चुकीची नव्हती; मात्र ती ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच कळेल अशी होती. त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की, सूचना देणे आणि शिकविणे यांत अंतर आहे.

हे अंतर इतिहासालाही परिचित आहे. सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा शिळांवर कोरविल्या, त्याही लोकांच्या प्राकृत भाषेत. तरीही कोरून काम संपले, असे त्याने मानले नाही. ओडिशातील धौली येथील स्वतंत्र लेखात, तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख ऐकविला जावा आणि प्रसंगी एकच श्रोता असला तरी ऐकविला जावा, अशी आज्ञा आहे. लिहिलेले शब्द माणसापर्यंत पोहोचविण्याची ती व्यवस्था होती.

आपल्या काळातील उदाहरण तर करकंबपासून दूर नाही. शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. छापील पानावरील कोड मोबाइलने टिपला की कविता ऐकू येते, पाठाची चित्रफीत दिसते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. तथापि कोड हे केवळ दार आहे. दारापलीकडे पत्रकाचा फोटोच ठेवला, तर वाचकाची अडचण तशीच राहते. म्हणून छापील सूचनांचा मोबाइलवर पाहता येईल असा पाठ कसा तयार करावा, याची रीत येथे देत आहे.

१. प्रथम वाचक ठरवा. आपला वाचक पंधरा-सोळा वर्षांचा आहे. त्याच्याजवळ संगणक नाही. लहान पडद्याचा मोबाइल आहे आणि डेटा मोजका आहे. म्हणून एकच लांब चित्रफीत न करता दोन-तीन मिनिटांचे तुकडे करावेत आणि सोबत वाचता येईल असा मजकूरही द्यावा.

२. पूर्वतयारी आरंभीच सांगा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, बँक पासबुक ही यादी तर हवीच. शिवाय ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो, हेही सांगावे. तो मोबाइल वडिलांच्या खिशात आणि वडील परजिल्ह्यात उसाच्या फडावर असतील, तर अर्ज तेथेच थांबतो. कोणत्या वेळी वडिलांना फोन लावून ठेवायचा, हे आधी ठरले पाहिजे.

३. एका पायरीत एकच कृती ठेवा. ‘अर्जदाराने आधार प्रमाणीकरणासह नोंदणी पूर्ण करून वैयक्तिक माहिती अद्ययावत करावी’ या एका वाक्यात किमान चार कृती दडलेल्या आहेत. त्या सुट्या करा, हात ज्या क्रमाने चालतो त्याच क्रमाने मांडा आणि प्रत्येकीसोबत त्या पडद्याचे चित्र द्या.

४. पडद्यावरील शब्द बदलू नका, पण त्याचा अर्थ सांगा. बटणावर ‘सबमिट’ असेल, तर पाठातही ‘सबमिट’च लिहावे. ‘सीडिंग’ म्हणजे काय आणि ते झाले की नाही हे बँकेत कसे विचारावे, हे दोन वाक्यांत समजवावे.

५. पायरी पूर्ण झाल्याची खूण आणि चुकण्याची जागा दाखवा. अर्ज क्रमांक दिसला म्हणजे अर्ज दाखल झाला. तो वहीत लिहून ठेवावा. फाइलचा आकार मर्यादेबाहेर गेला तर ती स्वीकारली जात नाही. अशा वेळी काय करावे, ते त्याच ठिकाणी सांगावे.

६. गुप्तता पाळा. चित्रांतील आधार क्रमांक, खाते क्रमांक व मोबाइल क्रमांक झाकावेत. ओटीपी कोणालाही सांगू नये, ही सूचना पहिल्याच तुकड्यात असावी.

७. परीक्षा घ्या, पण ती विद्यार्थ्याची नव्हे, पाठाची. अर्ज कधीही न पाहिलेल्या नववीतील मुलाच्या हाती पाठ द्यावा आणि आपण शेजारी मौन बसावे. तो जेथे थांबेल, तेथे दोष पाठाचा आहे, असे समजून दुरुस्ती करावी. संकेतस्थळ बदलत राहते. म्हणून पाठावर तारीख घालावी आणि दरवर्षी तो तपासावा.

छापील पत्रक मात्र टाकून देऊ नये. नेटवर्क नसते तेव्हा तेच उपयोगी पडते. त्याच्याच कोपऱ्यात पाठाचा क्यूआर कोड छापून ते वसतिगृहाच्या फलकावर लावावे.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, अर्ज भरताना आपण कोठे अडलो आणि कसे सुटलो, हे प्रत्येकाने अर्ध्या पानात लिहून शाळेकडे पाठवावे. आठवी-नववीच्या मुलांनी त्यातून पुढील वर्षीचा पाठ तयार करावा. हे काम वर्गातच होऊ शकते. त्यासाठी एक मोबाइल, एक वही आणि मागून येणाऱ्या भावंडांची आठवण एवढे पुरेसे आहे.