चित्रांच्या साहाय्याने संवाद : न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी

स्वमग्नता अर्थात ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. पालकांच्या संगोपनातील उणिवेचा तो परिणाम नव्हे. अशी काही मुले मुळीच बोलत नाहीत किंवा मोजकेच शब्द उच्चारतात. परंतु बोलता न येणे म्हणजे सांगण्यासारखे काही नसणे नव्हे. तहान, भीती, दातदुखी, गोंगाटाचा त्रास हे सारे त्यांनाही जाणवते. ते सांगण्याचा मार्ग सापडला नाही, की मूल किंचाळते, डोके आपटून घेते आणि घरची माणसे त्यास हट्ट समजतात.

या मुलांसाठी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात १९८५ साली अँडी बॉन्डी व लोरी फ्रॉस्ट यांनी चित्र-देवाणघेवाणीची पद्धत विकसित केली. ती ‘पेक्स’ या नावाने ओळखली जाते. तिच्या सहा पायऱ्या अशा :

१. मूल आवडत्या वस्तूचे चित्र समोरच्या व्यक्तीच्या हातात देते आणि ती वस्तू त्याला तत्काळ मिळते. दुसरी व्यक्ती मागे बसून, काहीही न बोलता, केवळ त्याच्या हाताला साहाय्य करते.
२. चित्रांची वही व समोरची व्यक्ती यांतील अंतर वाढविले जाते. मूल स्वतः उठून चित्र नेऊन देते.
३. मूल अनेक चित्रांतून हवे ते निवडते.
४. पट्टीवर चित्रे लावून ते वाक्य तयार करते.
५. ‘तुला काय पाहिजे?’ या प्रश्नास उत्तर देते.
६. ‘काय दिसते?’, ‘काय ऐकू येते?’ अशा प्रश्नांची उत्तरे देत स्वतःचे निरीक्षण सांगू लागते.

चौथ्या पायरीवर मराठी घरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लाडू ‘हवा’, पोळी ‘हवी’, दूध ‘हवे’ असे रूप बदलते. ‘पाहिजे’ मात्र तिन्ही ठिकाणी तेच राहते. म्हणून ‘मला पाहिजे’ हे एकच कार्ड सोयीचे ठरते.

चित्रांची सवय लागली तर मूल कधीच बोलणार नाही, ही भीती पालकांना स्वाभाविकपणे वाटते. आजवरच्या अभ्यासांतून या भीतीस आधार मिळालेला नाही; उलट काही मुलांच्या बोलण्यात थोडीफार वाढ आढळली आहे. तथापि वाचा येईलच, असे आश्वासन कोणी देऊ नये. संवाद साधता येणे हेच मुळात मोठे फलित आहे.

खाऊ मागण्यापुरती चित्रे अपुरी आहेत. ‘नको’, ‘थांबा’, ‘मदत करा’, ‘दुखते’ ही कार्डेही वहीत असावीत. शरीराच्या आकृतीवर बोट ठेवून मुलाने दुखरी जागा दाखविली, तर वैद्यकीय तपासणीस योग्य दिशा मिळते. वही मुलाच्या हाताशी असावी. उंच कपाटात ठेवलेली वही म्हणजे मुलाचे बंद केलेले तोंडच होय.

पुठ्ठा, छायाचित्रे व चिकटपट्टी यांस खर्च अल्प येतो. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेल्या ‘जेलो’सारख्या ॲपमुळे मोबाईलवरही चित्रसंवाद शक्य झाला आहे. खरी गरज आहे ती प्रशिक्षित वाचा-उपचारतज्ज्ञांच्या वेळेची आणि पालकांना सातत्याने मिळणाऱ्या मार्गदर्शनाची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तो हक्क मुलापर्यंत पोहोचविणे हे आपणा सर्वांचे काम आहे. देणगीदारांनी यंत्रांइतकेच या मनुष्यबळासही साहाय्य करावे, ही नम्र विनंती.