रात्री पिंजरा मिट्ट काळोखात नको

पिंजऱ्यावर जाड चादर टाकून दिवे मालवले की पक्षी निर्धास्त झोपतो, असं अनेक घरांत मानलं जातं. कॉकाटील पक्षी पाळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की ही समजूत सोडा. हा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या मोकळ्या माळरानांवर थव्याने राहणारा पक्षी. धोका वाटला की तत्क्षणी उडायचं, हाच त्याचा बचाव. भिंतीवरची पाल, मांजराची चाहूल, खिडकीतून फिरलेला गाडीचा झोत, वरातीतला फटाका, एवढंही त्याला झोपेतून उधळायला पुरतं. काळोखात त्याला ना गज दिसत, ना दांडी सापडत. तो धडका घेत राहतो आणि प्रत्येक धडकेने आणखी बिथरतो. पंख दुखावतो, वाढत्या पिसाचा देठ रक्ताने भरलेला असल्याने ते मोडलं तर रक्त वाहू लागतं. दचकवतो तो आवाज किंवा हालचाल. जखमी होण्याची वेळ आणतो तो काळोख.

रानात कुठे दिवे असतात, असं कुणी विचारेल. तिथे चांदणं असतं आणि पळायला आभाळ मोकळं असतं. पिंजऱ्यात दोन्ही नाही. उजेडाने झोपमोड होईल, हा आक्षेप मात्र रास्त आहे, कारण पक्ष्याला रोज १० ते १२ तासांची निवांत रात्र हवी. म्हणूनच ट्यूबलाइट नको. दांडी जेमतेम दिसेल असा मंद दिवा थोडा लांब ठेवा आणि वीज गेली तरी तो चालू राहील असं पाहा. चादर टाकायचीच तर एक बाजू उघडी ठेवा. ‘आमचा पक्षी कधीच घाबरला नाही’ असंही ऐकू येतं. सगळे पक्षी सारखे बुजरे नसतात, हे खरं; पण दिवाळी प्रत्येक वर्षी येते, आणि एक पक्षी उधळला की शेजारचेही उधळतात.

पिंजरा खिडकीपासून दूर, भिंतीलगत ठेवा. पंख अडकतील अशी लोंबती खेळणी रात्री काढा. पक्ष्यांची श्वसनसंस्था नाजूक असते, म्हणून डासांसाठी कॉइल न लावता पिंजऱ्याला मच्छरदाणी लावा. फटाक्यांच्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत हलवा. तरीही पक्षी उधळलाच, तर खोलीतला दिवा लावा, हळू आवाजात बोलत राहा. लगेच हात घालून पकडू नका. तो दांडीवर स्थिरावला की पंख आणि पाय नीट तपासा. रक्त दिसलं तर थोडं कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापडाने हलकेच दाबून धरा, आणि ते थांबत नसेल तर वेळ न दवडता पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला पळून जायची सोय आपण ठेवलेली नाही. निदान त्याला दिसेल एवढा उजेड तरी आजपासून द्या.