मोबाईलचे कव्हर : द्रव्याची निवड व आघातापासून संरक्षण

औताला बाभळीचे लाकूड का घ्यावे आणि चौकटीला सागाचे का, हे दिग्रस तालुक्यातील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु तोच शेतकरी मोबाईलचे कव्हर घेताना बहुधा रंग आणि किंमत एवढेच पाहतो. वास्तविक आज मोबाईल हेही शेतीचे एक अवजारच झाले आहे. सन २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद मोबाईलवरून होते. सन २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळास हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी सुरू झाली. अनुदानाच्या अर्जासाठी लागणारा ओटीपीही त्यावरच येतो. ऐन मुदतीत पडदा फुटला, तर नुकसान केवळ काचेचे होत नाही.

आघात कशाने होतो?

कानाजवळून, म्हणजे सुमारे १५० सेंटिमीटर उंचीवरून निसटलेला फोन जमिनीस टेकताना ताशी १९ ते २० किलोमीटर वेगाने येतो. हा वेग किती अंतरात थांबतो, यावर आघाताचा जोर अवलंबून असतो. हिशेब सोपा आहे. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागावे व फोनच्या वजनाने गुणावे. २०० ग्रॅमचा फोन सिमेंटच्या ओट्यावर पडून १ मिलिमीटरात थांबला, तर सरासरी सुमारे ३०० किलो वजनाइतका जोर त्यावर येतो. तोच फोन दबणाऱ्या कव्हरामुळे ३ मिलिमीटरात थांबला, तर जोर १०० किलोवर येतो. केवळ २ मिलिमीटरांचा हा लाभ होय. कुटारात ठेवलेली अंडी बंडीच्या धक्क्याने फुटत नाहीत, त्याचे कारणही हेच.

फोन कोपऱ्यावर पडल्यास सारा जोर अल्पशा जागेवर एकवटतो. म्हणून चांगल्या कव्हराचे कोपरे जाड असतात किंवा त्यांत हवेच्या पोकळ्या ठेवलेल्या असतात.

द्रव्यांचे गुणदोष

टीपीयू : हे लवचिक प्लॅस्टिक दबते व पुन्हा पूर्ववत होते. दुकानात ‘सिलिकॉन’ म्हणून मिळणारे स्वस्त पारदर्शक कव्हर पुष्कळदा याचेच असते. उन्हाने ते पिवळे पडते. सर्वसाधारण वापरास हे द्रव्य उत्तम.

सिलिकॉन : हे मऊ असून हातातून सहसा निसटत नाही व उष्णता सोसते. परंतु त्यावर धूळ व कापसाचे तंतू चिकटतात, आणि काही काळाने ते सैल पडते.

पॉलिकार्बोनेट : हे कठीण असल्याने टोकदार खड्याचा मार पसरवते, पण स्वतः फारसे दबत नाही. म्हणून आत मऊ टीपीयू व बाहेर पॉलिकार्बोनेट अशी दुहेरी रचना अधिक उपयुक्त ठरते.

चामडे व रेक्झिन : झडप पडद्याचे रक्षण करते, परंतु कोपरे बहुधा उघडे राहतात. चामडे व कापड द्रव शोषून घेतात.

फवारणी व उन्हाळा

सन २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे आपणांस ठाऊक आहेच. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके त्वचेतूनही शरीरात जातात. औषधाने भिजलेल्या हाताने उचललेला फोन पुढे गालाला लागतो, घरी मुलांच्या हाती जातो. यास्तव फवारणीच्या वेळी फोन अंगावर बाळगू नये. बंद पिशवीत घालून वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस, दूर ठेवावा. कव्हरावर औषध उडाल्यास हातमोजे घालून ते काढावे, साबणाच्या पाण्याने धुवावे व सावलीत वाळवावे. चामड्याचे वा कापडी कव्हर भिजल्यास ते टाकून द्यावे. काही औषधांतील झायलीनसारख्या द्रावकांनी पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म तडे जातात, हेही ध्यानात असावे.

बहुतेक फोन ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनविलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्या बराच वर जातो. जाड कव्हर फोनची उष्णता कोंडून ठेवते. म्हणून चार्जिंगच्या वेळी फोन तापत असल्यास कव्हर काढावे, व तो ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कधीही ठेवू नये. कव्हर आतून फुगून वर येत असल्यास बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी. अशा वेळी फोन वापरणे थांबवून तो दुरुस्तीस द्यावा.

खरेदी करताना

१. कव्हर घातलेला फोन सपाट काचेवर पालथा ठेवावा. पडदा काचेस न टेकता त्याखाली कागद सहज सरकला पाहिजे.
२. कोपरा अंगठ्याने दाबावा. तो दबून पूर्ववत व्हावा.
३. फोन कव्हरात हलू नये.
४. ‘लष्करी दर्जा’ अशा शब्दांना भुलू नये. ज्या अमेरिकी प्रमाणाच्या आधारे हा दावा केला जातो, त्यात ६ बाजू, १२ कडा व ८ कोपरे मिळून २६ वेळा १२२ सेंटिमीटरांवरून वस्तू पाडतात. परंतु ही चाचणी बहुधा उत्पादक स्वतःच करवून घेतो.
५. साध्या कव्हराने फोन जलाभेद्य होत नाही. पावसात वेगळी बंद पिशवी हवीच.

आठवड्यातून एकदा कव्हर काढून आतील माती पुसावी, कारण अडकलेले कण फोनला ओरखडे पाडतात. कोपरे फाटले किंवा कव्हर सैल झाले की ते बदलावे. नव्या पडद्याच्या खर्चापुढे चांगल्या कव्हराची किंमत अल्पच आहे.